विद्येचें वर्षासन

दान देण्यास मोठें मन लागतें. परंतु दिलेलें दान टिकून राहण्यास शास्त्र लागतें. अन्नदान करावें, नदीस घाट बांधावा, देवळास सभामंडप द्यावा, हें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे आणि त्याचें पुण्य कोणी नाकारूं नये. विद्येस दिलेलें दान मात्र कसें वाढत जातें, ह्याचा हिशोब आपल्या घरांतून क्वचितच मांडला जातो. आज विद्युत्‌शास्त्राच्या अध्यापनाचें उदाहरण घेऊन तो मांडून पाहूं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत विद्युत्‌-अभियांत्रिकीचें ‘पेंडर अध्यासन’ प्रसिद्ध आहे. अध्यासन म्हणजे देणगीचें मुद्दल न मोडतां केवळ तिच्या उत्पन्नावर चालणारी प्राध्यापकाची कायमची जागा. सर जॉन पेंडर हे समुद्राखालून तारा टाकणाऱ्या कंपन्यांचे धुरीण. १८७० सालीं विलायतेहून सुएझ व एडनमार्गें मुंबईस जी तार येऊन पोंचली, ती त्यांच्याच उद्योगाचें फळ होय. १८९६ सालीं ते वारले व त्यांच्या स्मारकाच्या निधीनें ह्या अध्यासनास त्यांचें नांव मिळालें. त्यावरचे पहिले प्राध्यापक अँब्रोज फ्लेमिंग ह्यांनीं १९०४ सालीं जो ‘व्हॉल्व्ह’ शोधून काढला, त्याच्या वंशजांनीं पुढें कित्येक वर्षें घरोघरचा रेडिओ बोलता ठेवला. त्या जुन्या तारा केव्हांच निकामी झाल्या; जागा मात्र फ्लेमिंगांच्या मागून बार्लो, कलन अशा विद्वानांकडे जात राहिली.

आपल्या देशांत हें कार्य जमशेटजी टाटा ह्यांनीं अंगावर घेतलें. १८९८ सालीं शास्त्रीय संशोधनाच्या विद्यापीठाकरितां त्यांनीं सुमारें ३० लाख रुपयांची मिळकत देऊं केली. तिचें वार्षिक उत्पन्न सव्वा लाख रुपये धरलें होतें. विद्यार्थी येतील काय, शिकून त्यांस काम मिळेल काय, अशा शंका लॉर्ड कर्झन ह्यांनीं काढल्या. १९०४ सालीं जमशेटजी निवर्तले, आणि सरकारची मंजुरी आली ती १९०९ सालीं! म्हैसूर दरबारानें बंगलोरास ३७१ एकर जमीन दिली. १९११ सालीं पहिले विद्यार्थी दाखल झाले ते रसायन व विद्युत्‌-तंत्र ह्या दोन शाखांत; पैकीं दुसरीचीं सूत्रें प्रो. आल्फ्रेड हे यांजकडे होतीं. संस्थेस आपलें नांव नसावें ही दात्याची इच्छा. म्हणून तिचें नांव भारतीय विज्ञान संस्था असें पडलें.

आम्हां पनवेलकरांस ह्याच दात्याच्या दुसऱ्या स्वप्नाचा शेजार आहे. जुन्या रस्त्यानें घाटाकडे निघालें कीं खालापुराच्या पुढें खोपोली लागते. १९११ सालींच लोणावळ्यास धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ सालीं घाटमाथ्यावरचें पाणी सुमारें १७०० फूट खालीं खोपोलीस उतरून मुंबईच्या गिरण्या चालवूं लागलें. वीज निर्माण करून तें पाणी पाताळगंगेंत जातें. बंगलोरांत ओतलेलें धन मात्र वाहून गेलें नाहीं. तें माणसांच्या रूपानें फिरत राहिलें.

एकच उदाहरण देतों. १९०९ सालीं धारवाडास जन्मलेले पुरुषोत्तम काशीनाथ केळकर हे बंगलोरच्या ह्याच शाखेंत शिकले. १९३७ सालीं लिव्हरपूलहून डॉक्टर होऊन आले आणि तेथेंच शिकवूं लागले. १९४३ सालीं मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते विद्युत्‌ शाखेचे प्रमुख झाले. १९५६ सालापासून पवईच्या आय. आय. टी.ची आंखणी त्यांच्याकडे होती. १९५९ सालीं कानपूरच्या आय. आय. टी.चे ते पहिले संचालक झाले, आणि १९७० ते १९७४ पवईचे. सभामंडप एका गांवीं उभा राहतो. शिक्षकाचें आसन असें गांवोगांव जातें.

ही कल्पना आपणांस परकी नाहीं. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेंतूनच १८२१ सालीं पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली, आणि पुढें त्याच निधीच्या आधारानें ‘दक्षिणा फेलो’ म्हणून रानडे व भांडारकर ह्यांसारखे तरुण पुढें आले.

हें सर्व आठवण्याचें कारण घरगुती आहे. आमचे अण्णाकाका हयातभर विजेच्या कामांत होते. त्यांनीं मागें ठेवलेली रक्कम सत्कार्यास लावावयाची, परंतु कोणत्या, ह्यावर घरांत मतभेद पडला. काकू म्हणाल्या, “अरे, मंडप चारचौघांच्या दृष्टीस पडतो. मास्तरांच्या पगारांत गेलेले पैसे कोणाला दिसणार?” प्रश्न रास्त होता. वियोगाच्या दुःखांत माणसास डोळ्यांना दिसणारी खूण हवी असते. तिला अडाणीपणा म्हणणें निर्दयपणाचें होईल. शिवाय आमच्या रकमेंत प्राध्यापक पोसला जाणें शक्य नव्हतें. बऱ्याच चर्चेनंतर तिच्या व्याजांतून विद्युत्‌ शाखेच्या एका गरजू विद्यार्थ्यास दरवर्षीं पुस्तकें द्यावीं असें ठरलें, आणि पुस्तकांवर काकांचें नांव घालावें ही काकूंची अट सर्वांनीं आनंदानें मानली.

असें लहानमोठें दान करूं इच्छिणाऱ्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मुद्दलास हात लावूं नये. सगळें व्याज खर्चूं नये. कांहीं भाग मुदलांत परत घालावा, नाहींतर महागाई तें हळूहळू खाऊन टाकते. आणि एकदां दिल्यावर, तेथें कोणी बसावें व काय शिकवावें हें जाणत्यांवर सोपवून आपण दूर व्हावें. ह्यांतील तिसरी अट सर्वांत अवघड. कारण पैसा सोडणें सोपें असतें, हक्क सोडणें कठीण. परंतु जमशेटजींना पहिला विद्यार्थीहि पाहावयास मिळाला नाहीं, म्हणून त्यांचें दान उणें ठरलें नाहीं. आपण न पाहिलेल्या मुलांसाठीं कांहीं ठेवून जाणें, हेंच विद्येचें खरें वर्षासन.