जुन्या गोव्याचा एकटा मनोरा

आमचें कुलदैवत श्रीमंगेश. मूळ देऊळ कुठ्ठाळीस होतें. पोर्तुगिजांच्या भयानें १५६० च्या सुमारास भक्तजनांनीं लिंग उचलून जुवारीपलीकडे प्रियोळास नेलें. ही हकीकत आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि सांगणाराचा स्वर अजून पुरता निवालेला नाहीं. म्हणून गेल्या पौषांत मंगेशीचें दर्शन आटोपून आम्ही जुन्या गोव्यास गेलों, तेव्हां टेकडीवरील भग्न मनोरा दिसतांच ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या काकांनीं जो उद्गार काढला तो आम्हांस अनपेक्षित नव्हता. “पाहिलेंस ना? देवानें हिशेब चुकता केला!” खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनाला क्षणभर बरें वाटलें. हें कबूल केल्यावांचून पुढें लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल.

मनोरा ऑगस्टिनी यतींच्या मठाच्या चर्चचा. हे यति १५७२ त गोव्यांत आले आणि १५९७ ते १६०२ या अवधींत त्यांनीं कृपामातेच्या नांवानें हें चर्च उभारलें. आज उरलेला मनोरा सुमारें ४६ मीटर उंच आहे. पायथ्याशीं उभें राहून वर पाहावें तर पागोटें पडावें. पूर्वीं तो दर्शनी भिंतीच्या कडेस उभा होता. आतां भिंत नाहीं, छत नाहीं. खालीं कोरीव अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा तेवढ्या उन्हांत पसरल्या आहेत.

ही शिक्षा केली कोणीं? कोणा हिंदु राजानें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत पोर्तुगालांत उदारमतवादी सरकार आलें, त्यानें धर्मसंघ मोडले, आणि १८३५ त गोव्यांतील मठ रिकामे झाले. यति गेले, पुढचें काम पावसानें केलें. इमारत जांभ्या दगडाची. जांभा म्हणजे काय हें कोंकणी वाचकास सांगावयास नको: खाणींत मऊ, वाऱ्यावर कठीण, पण अंगीं सच्छिद्र. चुन्याच्या गिलाव्याचें पांघरूण सदैव नीट राखलें तरच तो गोव्याचा पावसाळा सोसतो. त्यांतून वर दगडी कमानीचें छत. अशा छताचा भार सरळ खालीं उतरत नाहीं. तो भिंतींना बाहेर रेटीत असतो. भिंतींत पाणी मुरलें, सांध्यांत झाड रुजलें, आणि खराटा घेऊन वर चढणारा कोणी नाहीं, अशा स्थितींत तें किती दिवस टिकावें? अवघ्या सात वर्षांत, १८४२ त, छत कोसळलें. दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ त पडला; १९३८ त आणखी कांहीं ढांसळलें.

याचा पडताळा समोरच मिळतो. हाकेच्या अंतरावर, १६०६ ते १६२७ या काळांत बांधलेला संत मोनिकेचा स्त्रियांचा मठ आहे. दगड तोच, पाऊस तोच. परंतु हुकूम झाला तेव्हां तेथील मठवासिनींना काढून लावलें नाहीं. नव्या घेण्यास मात्र बंदी झाली. त्या एकेक करून वृद्ध होत तेथेंच राहिल्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत. तो मठ अद्याप उभा आहे. बाहेरून दिलेल्या जाड आधारभिंतींचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. पण रोज दिवा लावणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचें श्रेय आम्हांस अधिक वाटतें.

गिबनला रोमच्या अवशेषांत बसून इतिहास लिहिण्याची स्फूर्ति झाली, हें आम्ही वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांस सांगत आलों. आम्हांस तेथें स्फूर्ति वगैरे कांहीं झाली नाहीं. काकांस केतेवानची गोष्ट मात्र सांगावीशी वाटली. ही जॉर्जियाची राणी. धर्म सोडीना म्हणून इराणच्या शहा अब्बासनें १६२४ त तिला शिराझ येथें हाल करून मारविलें. ऑगस्टिनी यतींनीं तिच्या अस्थि मिळवून कांहीं येथें आणल्या आणि मठाच्या एका खिडकीपाशीं ठेवल्या. जुन्या पोर्तुगीज कागदाच्या आधारें शोधतांना २००४ त येथें हाड सांपडलें. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं आनुवंशिक तपासणी करून तें तिचेंच असावें असा निर्वाळा दिला, आणि २०२१ त भारत सरकारनें अस्थींचा अंश जॉर्जियास दिला.

काका बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “धर्म सोडीना म्हणून? आणि तिला यांनीं जागा दिली?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. ज्यांच्या राज्यांतून आमचा देव रातोरात पळवावा लागला, त्यांच्याच यतींनीं अशा स्त्रीच्या अस्थि जपल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. काकांनीं वाकून वहाणा काढल्या आणि हातांत घेतल्या. शिळांवर कोणाचीं नांवें आहेत तें त्यांना वाचतां येत नव्हतें. “अरे, पाय कुठें ठेवूं?” असें विचारीत ते कडेकडेनें बाहेर आले.

परततांना आम्हांस सकाळचें मंगेशीचें देऊळ आठवलें. लिंग घेऊन पळालेल्यांच्या वंशजांनीं पुढें नवें देऊळ बांधलें, त्यावर चर्चसारखा घुमट आहे आणि खिडक्यांना चर्चच्याच धर्तीच्या गोल कमानी आहेत! फोंड्याकडील बहुतेक देवळें अशींच. गवंडी तेच असतील, दुसरें काय?

या मनोऱ्याची मोठी घंटा प्रथम आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर आहे. संध्याकाळीं आम्ही त्या पायऱ्यांखालून जात असतां घंटा झाली. “हीच का ती?” काकांनीं विचारलें. खालून कांहीं कळण्यासारखें नव्हतें, म्हणून आम्ही दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत थोडे थांबलों.