पाणचक्की ते घिज्दुवान

एकटीनं प्रवास करताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो बसण्यात. बसस्थानकाच्या बाकावर, चहाच्या टपरीवर, देवळाच्या नाहीतर मशिदीच्या पायरीवर, कुणाच्या तरी दुकानातल्या स्टुलावर. सहल कंपनीच्या नादी न लागता आशियात जिथं जिथं फिरले, तिथं मला माणसं भेटली ती अशी बसलेली असताना. परका माणूस चालत असला की लोक त्याला वाट दाखवतात. बसला की त्याची विचारपूस करतात. घरी आल्यावर शेजारपाजारचे तिकिटं, खोल्या, व्हिसा यांबद्दल विचारतात. ते सगळं चार दिवसांत शिकता येतं. पाहुणी कसं व्हायचं, हे शिकायला वर्षं लागतात, आणि माझ्या मते या छंदातली खरी विद्या तीच आहे.

मी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, बेगमपुऱ्यात वाढले. तिथून शहरात यायचं तर मेहमूद दरवाजा लागतो आणि दरवाजाला लागूनच, खाम नदीच्या काठी, पाणचक्की. शाळांच्या सहली भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी बघायला येतात. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांनी इथवर आणलं, उंचावर चढवलं आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर जातं फिरवलं, हे गाईड सांगतो आणि मुलं माना डोलावतात. जातं कुणासाठी फिरत होतं, हे मात्र कुणी फारसं लक्षात ठेवत नाही. ते पीठ इथल्या तकियात उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि गोरगरिबांसाठी होतं.

तकिया बाबा शाह मुसाफिर यांचा. बुखाऱ्याजवळच्या घिज्दुवानहून निघालेले हे नक्षबंदी सूफी औरंगजेबाच्या काळात दख्खनमध्ये आले आणि या शहरात स्थिरावले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश हेही त्याच मुलखातले. ते औरंगजेबाचा सरदार गाजीउद्दीन खान फिरोज जंगच्या फौजेबरोबर फिरत. या दोघांच्या आठवणी, त्यांच्याकडे आलेगेलेले लोक, त्यांची बोलणी हे सगळं ‘मल्फुजात-ए-नक्षबंदिया’ या फारसी ग्रंथात आहे. मुसाफिरांच्या गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी तो लिहिला. सायमन डिग्बी यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोरचं गावच बदललं. बुखारा, समरकंद, बल्ख इकडचे दरवेश आणि सैनिक इथं येत होते, मुक्काम करत होते. कुणी फौजेत नोकरी धरायचा, कुणी पुढं जायचा. परक्या मुलखातून आलेल्याला आधी ऊब, मग भाकरी आणि त्यानंतर काम मिळवून देणारं एक ठिकाण माझ्या शाळेच्या वाटेवर होतं.

म्हणून घिज्दुवानला जायचं ठरवलं. तिथं बघण्यासारखं काय आहे, असं ताश्कंदमध्ये भेटलेल्या एका भारतीय जोडप्यानं विचारलं. तसं पाहिलं तर आहे: उलुगबेगनं १४३३ मध्ये बांधलेला मदरसा आहे, सूफी संत अब्दुलखालिक घिज्दुवानी यांची कबर आहे, आणि हिरव्या-तपकिरी झिलईची मातीची भांडी करणारे कुंभार आहेत. पण मला निमित्त हवं होतं ते बोलण्याचं. परमुलखात माणसांशी जोडून घ्यायचं तर त्यांच्या गावाला चिकटलेलं आपल्या गावाचं एखादं टोक हाताशी असावं. ते टोक शोधणं ही घरून करायची तयारी. श्रीलंकेत, थायलंडमध्ये मला अजिंठ्याचं नाव पुरलं. जपानी माणसाला अजिंठा सांगावाच लागत नाही. अराई काम्पो हा त्यांचा चित्रकार १९१७-१८ च्या सुमारास लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला इथं येऊन राहिला होता, आणि त्या नकला पुढं १९२३ च्या भूकंपात टोकियोत जळाल्या. उझबेकिस्तानात माझं टोक होतं पाणचक्की. मोबाइलवर हौदाचे, मोठ्या वडाचे आणि दर्ग्याचे फोटो घेऊनच मी निघाले.

बुखाऱ्याहून घिज्दुवान चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शेअर टॅक्सीत मागे आम्ही तिघी, मांडीवर पिशव्या. आपल्याकडच्या काळी-पिवळीत होतं तसंच झालं: पहिली काही मिनिटं सगळ्या खिडकीबाहेर बघत होतो, मग एकीनं पिशवीतून जर्दाळू काढले. वयानं मोठ्या बाईला तिकडं ‘ओपा’ म्हणतात. मी ‘ओपा’ म्हटल्याबरोबर शेजारणीनं माझा हात हातात घेतला तो गाव येईपर्यंत सोडला नाही. बुखाऱ्याच्या बाजूला ताजिक, म्हणजे फारसीच, घरोघर बोलतात; मेहमान, मुसाफिर, दोस्त, नान, हौज हे शब्द बेगमपुऱ्यात वाढलेल्या कानांना नवे नव्हते. बाकीचं हातवाऱ्यांनी आणि राज कपूरच्या नावानं भागलं.

कबरीच्या आवारात बाकावर बसले. बराच वेळ कुणी आलं नाही, आणि अशा वेळी उठायचं नसतं. अर्ध्या-पाऊण तासानं एक म्हातारे गृहस्थ छातीवर उजवा हात ठेवून सलाम करत जवळ आले आणि मी कुठली म्हणून विचारलं. हिंदुस्थान म्हटल्यावर त्यांनी दिल्ली, आग्रा विचारलं. मी फोटो पुढं केला. तुमच्या गावचा एक माणूस आमच्या गावात तीनशे वर्षांपासून झोपलाय, त्याच्या दर्ग्यावर आजही लोक येतात, एवढं मला मोडक्यातोडक्या भाषेत सांगता आलं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, पाण्यावर बोट ठेवलं, कबरीकडे वळून दुवा मागितली आणि मला म्हणाले, चला घरी.

या ‘चला घरी’ला काय उत्तर द्यायचं, हा प्रवासातला सगळ्यात अवघड निर्णय. बाईमाणसानं तो दरवेळी नव्यानं घ्यायचा असतो. माझी रीत अशी: घरात बायका आहेत का, हे आधी विचारायचं, आणि दिवसाउजेडीच जायचं. जिथं जायचं त्या ठिकाणाचं नाव मुक्कामाच्या मालकिणीला फोनवर कळवायचं, तेही यजमानांच्या देखत. याचा राग भल्या माणसाला येत नाही. इथं तर आजोबांनी स्वतःच बायकोला फोन लावून माझ्या कानाला दिला.

घराच्या अंगणात तंदूर होता आणि सून रोट्या लावत होती. ते काम मी जवळ बसून पाहिलं. कणकेचा गोळा हातानं थापून कडा जाड ठेवायच्या, मधला भाग बोटांनी दाबून पातळ करायचा, आणि त्या पातळ भागावर खिळ्यांसारख्या दातांचा लाकडी ठसा उमटवायचा. त्या भोकांमुळे मधला भाग फुगत नाही, नक्षी तशीच राहते. वर काळे तीळ किंवा कलौंजी. मग रोटी गादीसारख्या जाड हातमोज्यावर उलटी घेऊन, पाठीवर पाणी शिंपडून, कमरेपासून आत वाकून तंदूरच्या भिंतीवर फाटकन चिकटवायची. सुनेच्या भुवया आणि डोक्याच्या रुमालाची कड पिठानं पांढरी झाली होती. तिनं ठसा माझ्या हातात दिला. मी उमटवलेल्या रोट्या तिनं बाकीच्यांबरोबरच लावल्या, आणि नंतर सासूनं त्या वेगळ्या ओळखून माझ्यासमोर ठेवल्या. आमच्याकडेही नानच्या भट्ट्या आहेत, तुघलकाच्या फौजेबरोबर नान-खलिया दौलताबादला आला असं आम्ही सांगतो, असं म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, तुम्ही रोटी उलटी ठेवत नाही ना? तिथं रोटी पालथी ठेवणं म्हणजे अन्नाचा अपमान. त्या घरात मी सगळ्यात जास्त लक्ष कुठं दिलं असेल तर माझा हात रोटी कशी ठेवतो याकडे.

यजमानाकडून काही माहिती काढण्यापेक्षा त्याच्या कामात हात घालू द्या म्हणणं केव्हाही चांगलं. प्रश्न विचारले की माणूस सावध होतो, आपलं घर परीक्षेला बसलंय असं त्याला वाटतं. भाजी निवडू लागलं, पीठ मळू लागलं, लहान मुलाचा गृहपाठ बघू लागलं की तोच आपणहून बोलायला लागतो.

मी शाकाहारी आहे, आणि मध्य आशियात पाहुणीला मांस न देणं म्हणजे यजमानाला कमीपणा. इथं लाजून चालत नाही. यजमानानं सुरी हातात घेण्याआधीच, हसून, स्वतःच्या पानाकडे बोट दाखवून सांगून टाकायचं. पान समोर आल्यावर बाजूला सारणं हे सगळ्यात वाईट. आणि जे खाता येतं ते मनापासून, मागून घेऊन खायचं. त्या दुपारी लाल भोपळ्याचा सामसा, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आणि गरम रोटी मी इतकी खाल्ली की सासूबाईंची काळजी मिटली.

चहाची रीतही नीट बघण्यासारखी. पहिला चहा पियालीत ओतून परत किटलीत टाकायचा, असं तीनदा. मग पियाली अर्धीच भरायची. अर्धी पियाली म्हणजे बसा, पुन्हा पुन्हा भरू. काठोकाठ भरली की आता निघा. मला शेवटपर्यंत अर्धीच मिळत होती, तरी ऊन कलतं झाल्यावर मी उठले. पाहुण्यानं कधी उठावं हे त्याचं त्याला कळलं पाहिजे. यजमान ते कधीच सांगणार नाही. पैसे पुढं करायचे नाहीत. मी हिमरूचा एक लहानसा तुकडा नेला होता. रेशीम आणि सूत एकत्र विणलेलं ते कापड बघून सासूबाईंनी कपाटातून आपलं अद्रस काढलं, तेही रेशीम-सुताचं. दोन्ही कापडं शेजारी ठेवून आम्ही बोटांनी चाचपत बसलो.

अब्दुलखालिक घिज्दुवानी यांनी घालून दिलेल्या नियमांत ‘सफर दर वतन’ हा एक आहे: स्वतःच्या वतनात प्रवास करा. सूफींच्या लेखी तो आतला प्रवास, वाईट गुण सोडून चांगल्याकडे जायचा. मी तो शब्दशः घेते. इब्न बतूता तुघलकाचा वकील म्हणून १३४२ मध्ये चीनला निघाला, वाटेत दौलताबादला थांबला. त्यानं इथल्या द्राक्ष-डाळिंबांबद्दल, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या बाजाराबद्दल लिहिलं, आणि मराठे लोक भात, पालेभाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंघोळ करतात, हेही लिहिलं. बाजार आणि फळं रस्त्यावरून दिसतात. ताटात काय आहे आणि जेवायच्या आधी माणूस काय करतो, हे कुणीतरी त्याला घरातलं सांगितलं असणार. त्या अनाम मराठी यजमानाबद्दल मला बतूताइतकाच आदर वाटतो.

हे गाव तेव्हापासून वाटसरूंचं आहे, आणि तरी आज इथं एकट्यानं आलेल्या परदेशी मुलामुलींना रिक्षावाला, तिकीट खिडकी आणि हॉटेलचा काउंटर यापलीकडे गाव भेटतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कोरियाची, व्हिएतनामची, जपानची पोरं पाठीवर सॅक घेऊन मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीच्या मराठी पाट्यांकडे बघत उभी असतात. आपण बाजूनं जातो, फार तर सेल्फी मागतो. त्यापेक्षा दोन मिनिटं थांबा. कुठून आलात विचारा, त्यांच्या देशातलं एखादं गाव तुम्हाला माहीत असेल तर त्याचं नाव घ्या, घरी आईला किंवा बायकोला फोन लावून द्या, आणि जमलं तर पोह्यांना बोलवा. तेही जमण्यासारखं नसेल तर निदान एवढं नक्की सांगा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. दूरवरून आलेलं पोरगं बंद फाटकापर्यंत जाऊन परत येऊ नये.