दिवजांच्या उजेडात

हातात दिवज घेतलेल्या काकींचा फोटो माझ्याकडे नाही. ही खंत बरीच वर्षं मनात आहे, आज सांगून टाकतो.

२००७ साली मी पहिला डीएसएलआर घेतला. त्याच वर्षीची गावच्या देवळातली दिवजांची जत्रा. वीज मालवली, ढोल-ताशे वाजू लागले आणि मातीची पेटती दिवजं घेऊन सुवासिनींची रांग देवळाभोवती फिरू लागली. फ्लॅश मारला असता तर त्या उजेडाची मजाच गेली असती, म्हणून तो बंद ठेवला. काकी समोर आल्या. मी बटण अर्धं दाबलं. लेन्स घर्रर्र करत पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे... फोकस ठरेना, आणि तो ठरल्याशिवाय शटर पडेना. एकदाचं खट्‌कन वाजलं तेव्हा फोकस होता पुढच्या बाईच्या दिवजावर. काकी पुसट!

"फोटो आयलो रे?" रात्री त्यांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी काढूया," मी म्हटलं.

त्याआधीच काका गेले. दिवज सुवासिनींनीच धरायचं, ही आमच्याकडची रीत. काकींच्या हातात ते पुन्हा आलं नाही.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. ऑटोफोकसला लागते उजेड-अंधाराची ठसठशीत कड. अंधुक चेहऱ्यावर ती सापडत नाही, मग तो मिळेल ती ज्योत पकडतो. त्यात १.८ चं छिद्र उघडं. दोन मीटरवर जेमतेम पाच-सहा बोटांएवढीच जागा स्पष्ट येते.

२००९ साली मी शहाणा झालो. रांग यायच्या आधी भाच्याला एका पायरीवर उभं केलं, त्याच्या चौकटीच्या शर्टावर बॅटरीचा झोत टाकला, फोकस धरला आणि लेन्स मॅन्युअलवर टाकली. मग रिंगला हात लावला नाही. जी बाई त्या पायरीवर पाऊल टाकेल, तिचाच फोटो.

आताचे मिररलेस कॅमेरे अंधारातही डोळे शोधतात. पण रांगेतले नेमके कुणाचे, हे त्यांनाही सांगावं लागतं.

त्या रात्री वहिनीचा फोटो स्वच्छ आला. काकींनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"बरो आयला," म्हणाल्या.

तेव्हापासून मी कुणालाही "पुढच्या वर्षी काढूया" म्हणत नाही.