बरकत

बीएडच्या काळातल्या माझ्या मैत्रिणीनं डोंबिवलीत घर घेतलं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. मी उर्दू माध्यमातून आलेली, त्यामुळे सरावपाठांची माझी मराठी टाचणं तेव्हा तीच आधी तपासायची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर शिसपेन्सिलीनं गोल करायची, शाईनं नाही. पुसले की प्राध्यापकांना कळू नये म्हणून. अशा मैत्रिणीला दुकानातला डिनर सेट देणं जिवावर आलं. ठरवलं, एक बांबूची टोपली भरायची. घरची नानखटाई, लिंबाचं लोणचं, भाजून कुटलेला मसाला, खजूर. आणि वर स्वयंपाकघरात वापरायचे दोन रुमाल, मशीनवर भरतकाम केलेले.

या कापडाला नाव काय, इथूनच सुरुवात. मराठीत मसोतं म्हटलं की काळपट फडकंच डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे साफी म्हणतात. टुवाल पोर्तुगीजांकडून आला आणि रुमाल फारसीतून, चेहरा पुसणारा तो रुमाल. भाषेच्या शिक्षिकेला हा छंद असतोच, वाचकांनी सोसावा.

रुमालावर काय लिहायचं, यावर मात्र मला फार विचार करावा लागला नाही. माझे आजोबा भिवंडीजवळच्या गावात भातशेती करायचे. खळ्यावर पायलीनं भात मोजताना ते पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणाले नाहीत. 'बरकत' म्हणायचे, मग दोन, तीन. ही गोष्ट मी कॉलेजात सांगितली तेव्हा मैत्रीण म्हणाली होती, "अगं, माझी आजी 'लाभ' म्हणायची!" दोन गावं, दोन घरं, मोजायची रीत तीच. तेव्हा शब्द ठरला: बरकत. एका रुमालावर मराठीत, दुसऱ्यावर उर्दूत.

मशीन भाभीची. ती कौशात घरीच शाळेच्या गणवेशांवर नावं भरून देते. मशीनची रिंग दहा सेंटिमीटर चौरस, तेवढ्यात शब्द बसवायचा. मशीनमध्ये इंग्रजी अक्षरं तयार असतात, देवनागरी नाही आणि उर्दू तर नाहीच. ते बाहेरून पंचिंग करून आणावं लागतं, म्हणजे कुठला टाका कुठून कुठे जाईल याची फाइल. पंचिंगवाल्या मुलानं मराठीची चार अक्षरं सुटी सुटी करून दिली. मशीन चाललं, दाट टाक्यांनी कापड आत ओढलं गेलं आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ तुटली. ब, र, क, त, एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. शेवटी अक्षरं आधी आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एकाच सलग ओळीत, असं करवून घेतलं.

उर्दूची गंमत वेगळी. 'बे' 'रे'ला जोडतो, 'रे' पुढे कुणाला हात देत नाही, मग 'काफ' आणि 'ते' जोडून. त्या मुलानं चारही अक्षरं सुटी आणि डावीकडून उजवीकडे मांडली होती. उजवीकडून वाचलं तर 'तकरब'. अम्मीनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "तकरार लिहिलंयस का?" मग मीच कागदावर शब्द लिहून दिला आणि त्याच्यावरून पंचिंग झालं.

कापडाचंही शिकले. पहिला प्रयोग सोलापुरी टेरी टॉवेलवर केला. त्या टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पाणी छान टिपतो, पण त्याचे फासे टाक्यांमधून डोकं वर काढतात. वर पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवून भरलं तेव्हा सुबक दिसलं, धुतल्यावर बारीक रेघांतून फासे पुन्हा डोकावले. म्हणून साधं सुती कापड घेतलं, आधी धुऊन आटवलं, खाली फाडून काढता येणारा कागद लावला. दोरा पॉलिएस्टरचा, रेयॉनचा चमकतो जास्त पण ब्लीचपुढे टिकत नाही. अम्मी हे सगळं बघत बसली होती. तिनं उमेदीच्या काळात पायमशीनचा दाबपाय काढून, दात खाली पाडून, लाकडी रिंग दोन्ही हातांनी फिरवत नगावर भरतकाम केलं. तिला कुणाच्या फाइलची गरज पडली नाही.

उर्दू रुमाल पुरा झाला तेव्हा तिनं विचारलं, "याला हात पुसणार का ते लोक?"

मी म्हणाले, हे काही कुराणातलं वाक्य नाही. उर्दू वर्तमानपत्रात क्रिकेट आणि सिनेमाही छापून येतो. पण आमच्या घरात त्या लिपीचा कुठलाही चिटोरा जमिनीवर दिसला तरी उचलून वर ठेवतात, मीही ठेवते. वाद मी जिंकला नाही. शिवाय मनात दुसरी एक भीती होती, ती अम्मीला बोलून दाखवली नाही. वास्तुशांतीच्या घरात, सासरच्या पाहुण्यांसमोर उर्दू अक्षरं टोपलीतून निघाली तर मैत्रिणीला अवघडल्यासारखं होईल का? मुंब्रा ते डोंबिवली, मध्ये दिवा आणि कोपर, तेवढ्या प्रवासात दोनदा तो रुमाल काढून पर्समध्ये घातला आणि दोनदा परत टोपलीत ठेवला.

तिनं टोपली उघडली. मराठी रुमाल लगेच ओट्याजवळच्या हुकाला लावला. उर्दू रुमालावरून बोट फिरवलं, "हे पण बरकतच ना?" असं विचारलं आणि घडी करून कपाटात ठेवला. परत येताना मी विचार करत राहिले. मानानं ठेवला की नजरेआड? विचारायची हिंमत झाली नाही.

मे महिन्यात पुन्हा गेले. जेवायला बसलो. तिनं पोळ्यांचा स्टीलचा डबा पुढे सरकवला, झाकण काढलं. आत पोळ्या त्या उर्दू रुमालात गुंडाळलेल्या होत्या, कोपऱ्याला तुपाचा डाग. "हात पुसायला नको वाटलं गं," ती म्हणाली. "नाव बरकत, म्हटलं पोळ्यांनाच घ्यावा."

घरी येऊन अम्मीला सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "धुतल्यावर दोऱ्याचा रंग गेला नाही ना?"

"नाही."