खर्च फर्मचा, पॉइंट कुणाचे?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फौंड्रीचा खर्चाचा ताळा मांडला, तर दोन आकडे सगळ्यांत वर दिसतात : कच्चा माल आणि वीज. पिग आयर्न, स्क्रॅप, वाळू यांचे पैसे आरटीजीएसने जातात. तिथे कार्डाला वाव नाही. पण त्याखालच्या खर्चांची लांबलचक रांग गेल्या काही वर्षांत क्रेडिट कार्डावर आली आहे. मशीन शॉपचे इन्सर्ट आणि ड्रिल, बेअरिंग, टेम्पोचे डिझेल, कुरिअर, डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क, ग्राहकाकडे जायची विमानाची तिकिटे, काही ठिकाणी महावितरणचे बिलसुद्धा. खर्च कार्डावर आला की पॉइंट येतात. मी इथल्या लहान-मध्यम कारखान्यांचे हिशेब आणि करविवरणे पाहतो. या कामात एक प्रश्न मला आता वारंवार विचारला जातो : "साहेब, हे पॉइंट दुसऱ्याच्या नावावर करता येतात का?"

विचारणारे निरनिराळे असतात. धाकट्या भावाच्या कार्डावर पॉइंट साठलेत आणि थोरल्याला मुलीकडे परदेशी जायचे आहे. एक भागीदार निवृत्त होतोय आणि फर्मची सगळी खरेदी त्याच्याच कार्डावर झाली आहे. वडील वारले, त्यांच्या खात्यात पॉइंट पडून आहेत. मालकाच्या सांगण्यावरून हिशेबनिसाने स्वतःच्या कार्डावर खरेदी केली, आता पॉइंट कुणी वापरायचे?

बँकेच्या बाजूने उत्तर थोडक्यात आहे : नाही. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांच्या अटींत पॉइंट अहस्तांतरणीय असतात. एका ग्राहकाच्या खात्यातून दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यात ते वळवता येत नाहीत, मग नाते कितीही जवळचे असो.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचे नियम आपोआप उलगडतात. पॉइंट ही ठेव नाही. तुम्ही ठरल्याप्रमाणे खर्च केला तर ठरलेली सवलत देऊ, असे बँकेने एका माणसाला दिलेले ते वचन आहे. या वचनाचा बोजा बँकेच्या वहीत दिसतो. एसबीआय कार्ड ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. तिच्या ताळेबंदात ग्राहकांनी अजून न वापरलेल्या पॉइंटांसाठी तरतूद केलेली असते. काही पॉइंट मुदत संपून बाद होतील, काही कधी मागितलेच जाणार नाहीत, हे गृहीत धरून ती तरतूद ठरते. पॉइंट हातोहात फिरू लागले तर ते नेहमी गरजवंताच्याच हाती पोचतील, एकही वाया जाणार नाही आणि सारे गणित कोलमडेल. शिवाय चोरलेल्या कार्डावरचे पॉइंट क्षणात तिसऱ्याच्या खात्यात नेता येतील. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि १ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या कार्डविषयक निर्देशांत पॉइंट, कॅशबॅक, सवलती पारदर्शकपणे द्याव्यात, त्यांचा हिशेब कंपनीच्या वह्यांत पडताळता यावा आणि त्यांची सविस्तर माहिती ग्राहकाला मिळावी, असे बंधन घातले. हस्तांतर करू द्यावे की नाही, हे मात्र बँकेच्या अटींवरच ठरते.

इतर देशांत हे चित्र थोडे वेगळे आहे. अमेरिकेत कॅपिटल वन बँकेचे ग्राहक एकमेकांना पॉइंट देऊ शकतात. चेस बँकेने ही मुभा घरातल्या सदस्यापुरती किंवा व्यवसायाच्या मालकापुरती ठेवली आहे. तिकडे राहणाऱ्या मुलाने सांगितले म्हणून इकडच्या वडिलांनी तीच अपेक्षा आपल्या बँकेकडून करणे चुकीचे ठरते.

मग दुसऱ्याला काहीच देता येत नाही का? येते, आणि ते अगदी नियमात बसून. पॉइंट देता येत नाहीत. पॉइंट खर्चून घेतलेली वस्तू किंवा सेवा देता येते. बँकेच्या पोर्टलवर पॉइंट भरून कोल्हापूर-मुंबई तिकीट काढताना प्रवाशाच्या जागी भावाचे नाव घालायला सहसा आडकाठी नसते. व्हाउचर घेऊन बहिणीला भेट देता येते. थोरल्या भावाचा प्रवासाचा प्रश्न नव्वद टक्के वेळा इथेच सुटतो.

दुसरा मार्ग अॅड-ऑन कार्डाचा. पत्नी, मुलगा, आईवडील यांना मूळ खात्यावर कार्ड काढून दिले की सगळ्यांच्या खर्चाचे पॉइंट मुख्य कार्डधारकाकडे जमा होतात. पण बिलाची सारी जबाबदारीही मुख्य कार्डधारकाचीच राहते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत हे स्पष्ट आहे.

तिसरा मार्ग विमान कंपन्या आणि हॉटेलांच्या सदस्य योजनांचा. बँकेचे पॉइंट तिथे वळवता येतात, पण समोरचे सदस्य खाते साधारणपणे कार्डधारकाच्याच नावाचे लागते. एकदा तिथे पोचल्यावर त्या योजनेचे नियम सुरू होतात आणि ते पुष्कळदा सैल असतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांना नामनिर्देशित करून त्यांच्यासाठी तिकिटे काढता येतात. मॅरियट बॉनव्हॉयमध्ये एक सदस्य दुसऱ्याला वर्षाला एक लाखापर्यंत पॉइंट देऊ शकतो. मात्र बँकेकडून तिकडे गेलेले पॉइंट परत येत नाहीत, म्हणून प्रवास ठरल्याशिवाय ते वळवू नयेत. बँका हे वळवणेही आवळत आहेत. अॅक्सिस बँकेने डिसेंबर २०२३ पासून भागीदार योजनांकडे वळवायच्या पॉइंटांवर वार्षिक मर्यादा घातल्या. एचडीएफसी बँकेने सप्टेंबर २०२४ पासून वीज-पाणी-फोन अशा बिलांवरच्या पॉइंटांना महिन्याला २,००० ची मर्यादा लावली. वीजबिलावर डोळा ठेवून कार्ड घेतलेल्या कारखानदाराचे गणित या मर्यादेने बदलले. पुढे कधीतरी कुणाला देऊ म्हणून पॉइंट साठवत राहणे तोट्याचेच आहे.

एक मार्ग मात्र पूर्ण बंद समजावा : पॉइंट विकणे. "तुमचे पॉइंट आम्ही घेतो, रोख देतो" असे निरोप मोबाइलवर फिरतात. त्यात अनोळखी माणसाचे तिकीट तुमच्या खात्यातून निघते. बँकेच्या किंवा विमान कंपनीच्या नजरेला ते आले तर उरलेले पॉइंट रद्द आणि खाते बंद. अशा वेळी दाद मागणेही अवघड असते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग खटल्यात विमान कंपनीने योजनेचा गैरवापर होतोय असे म्हणत २००८ मध्ये एका सदस्याचे खाते बंद केले. करारात कंपनीला तसा अधिकार होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१४ मध्ये सदस्याच्या विरोधात निकाल लागला. निकाल तिथल्या विमान वाहतुकीच्या कायद्यावर बेतलेला होता, पण सही करण्याआधी अटी वाचाव्यात हा धडा सगळीकडे लागू आहे.

वारसांचा प्रश्न सर्वांत हळवा असतो. बँकेतल्या ठेवीला नामनिर्देशन असते. पॉइंटांना ते संरक्षण नाही. खाते बंद झाले की उरलेले पॉइंट रद्द, अशी अट अनेक कार्डांत असते. काही कंपन्या वारसाने अर्ज केल्यावर विचार करतात. म्हणून मृत्यूची सूचना देतानाच पॉइंटांबद्दल लेखी विचारणा करावी. मयताचा पासवर्ड माहीत आहे म्हणून गुपचूप पॉइंट वापरू नयेत. तो दुसऱ्याच्या नावाने केलेला व्यवहार ठरतो. वयस्कर माणसांनी पॉइंट साठवू नयेत, दर वर्षी वापरून टाकावेत, हे मी आग्रहाने सांगतो. आणि "तुमचे पॉइंट आज संपणार" असा संदेश आला की त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नये, कुठलेही अॅप उतरवू नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

इथपर्यंत बँकेचे नियम झाले. शिरोलीतली खरी अडचण त्यांच्या पलीकडे सुरू होते. बँक फक्त कार्डावरचे नाव पाहते. कायदा विचारतो, खर्च कुणाचा होता? आपल्याकडे कित्येक फर्म भावाभावांच्या किंवा मित्रांच्या भागीदारीत चालतात आणि फर्मची खरेदी एकाच्या वैयक्तिक कार्डावर होते. फर्म त्याला बिलाचे पैसे चुकते करते, पॉइंट त्याच्याकडे राहतात. बँकेच्या लेखी ते त्याचे आहेत. पण भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चे कलम १६ सांगते की, वेगळा करार नसेल तर फर्मच्या व्यवहारातून किंवा फर्मच्या मालमत्तेच्या, नावाच्या वापरातून एखाद्या भागीदाराने स्वतःसाठी मिळवलेला नफा त्याने फर्मला हिशेबाने दिला पाहिजे. हा कायदा झाला तेव्हा क्रेडिट कार्ड जन्मालाही आले नव्हते, पण फर्मच्या खर्चातून निघालेल्या पॉइंटांना हे कलम चपखल लागू होते, असे माझे ठाम मत आहे. खाजगी कंपनीतही तेच तत्त्व : कंपनी कायदा, २०१३ चे कलम १६६ संचालकाला स्वतःसाठी किंवा नातेवाइकांसाठी गैरवाजवी लाभ घ्यायला मनाई करते.

रक्कम किरकोळ वाटते म्हणून हे कुणी बोलत नाही. समजा, तीन भागीदारांच्या मशीन शॉपमध्ये महिन्याला ३ लाखांचा खर्च एकाच्या कार्डावर होतो आणि पॉइंटांचे मोल खर्चाच्या १ टक्का आहे. वर्षाला ३६ लाखांवर ३६,००० रुपये. पाच वर्षांत १ लाख ८० हजार. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ६० हजार. तिसऱ्या वर्षी एकाच्या घरचे विमानाने तिरुपतीला जाऊन येतात आणि बाकीच्या दोघांच्या घरी त्याची चर्चा होते. भागीदारी तुटण्याची कारणे मी पाहिली आहेत. त्यांत मोठ्या रकमांपेक्षा न बोललेल्या लहान रकमा जास्त असतात.

ज्याच्या नावावर पॉइंट जमतात, त्याच्यावर बोजाही येतो. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा जास्त भरले की बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. वरच्या उदाहरणातल्या भागीदाराच्या वार्षिक माहिती विवरणात ३६ लाख दिसतील आणि त्याचे वैयक्तिक उत्पन्न असेल ९ लाख. विचारणा आली तर फर्मच्या वहीतली प्रत्येक परतफेड दाखवता आली पाहिजे. शिवाय पुष्कळ वैयक्तिक कार्डांच्या अटींत व्यापारी वापराला मनाई असते, आणि तसे आढळल्यास बँक पॉइंट काढून घेऊ शकते. पगारी हिशेबनिसाच्या कार्डावर फर्मची खरेदी करायला लावणे तर मुळातच अन्याय आहे : पत त्याची अडकते, नोंद त्याच्या नावावर होते आणि परतफेडीला उशीर झाला तर व्याज त्याला लागते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. फर्मच्या खर्चासाठी फर्मच्या नावाचे बिझनेस कार्ड घ्यावे आणि त्याचे पॉइंट फर्मच्या कामाच्या प्रवासाला वापरावेत. पुढच्या तिकिटाचा खर्च तेवढा वाचतो, वाद उरत नाही. वैयक्तिक कार्ड वापरणे भागच असेल, तर पॉइंटांचे मोल फर्मच्या वहीत खर्चाची घट म्हणून घ्यावे आणि त्या भागीदाराच्या चालू खात्यात नावे टाकावे. आयकर कायदाही व्यवसायातून मिळणारा लाभ, तो रोख असो वा वस्तुरूप, उत्पन्नात धरतो. वहीत नोंद असली की तिथेही उत्तर तयार असते.

मोल कुठल्या दराने धरायचे यावर वाद होतो, कारण एकच पॉइंट विमान तिकिटाला एक रुपयाचा आणि बिलात वळता केल्यावर तीस पैशांचा ठरू शकतो. बिलात वळता करण्याचा दर धरावा. तो बँकेच्या तक्त्यात छापलेला असतो आणि त्यात कुणाच्या अंदाजाला जागा नसते.

हे सारे भागीदारी करारात एका परिच्छेदात बसते : फर्मची खरेदी कोणत्या कार्डावर करायची, पॉइंट फर्मचे की कार्डधारकाचे, मोलाचा दर कोणता, ३१ मार्चला हिशेब कसा मिटवायचा आणि भागीदार निवृत्त झाला किंवा वारला तर काय करायचे. कलम १६ वेगळ्या कराराला मोकळीक देते, तेव्हा सगळ्यांच्या संमतीने पॉइंट एकालाच द्यायचे ठरले तरी हरकत नाही. कार्डाचा धोका तो पत्करतो, तर पॉइंटही त्यालाच, हा निर्णयही न्याय्य असू शकतो. ठरलेले मात्र लिहिलेले असावे. ज्या फर्मच्या करारात हा परिच्छेद अजून नाही, त्यांनी येत्या ३१ मार्चच्या आत पुरवणी करार करून तो घालावा.