आधी गार, मग दवाखाना

परभणी,
24 मार्च

चि. अमोल,


पोलीस भरतीची पोरं यंदा तुझ्या मैदानावर वाढलीत, हे वाचून बरं वाटलं. पण 1600 मीटरचा सराव तू ऊन चढल्यावरही घेतोस, ते काही मनातून जाईना. डॉक्टर म्हणून लिहितेय आणि आत्या म्हणूनही.

पळून आल्यावर चक्कर आलेली बहुतेक पोरं सावलीत पाय उंच करून निजवली की उठून बसतात. तू लक्ष ठेवायचंस ते शुद्धीवर. पोरगा बरळतोय, उगाच चिडतोय, झोकांड्या खातोय, विचारलं एक तर सांगतोय भलतंच, असं दिसलं की उष्माघात धरूनच चाल. अंग कोरडं पडायची वाट बघू नकोस. पळणाऱ्याला उष्माघातातही घामाच्या धारा लागलेल्या असतात. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नकोस. शरीर आतून 40 अंश सेल्सियसच्या वर तापलेलं असतं, आणि ते जितका वेळ तसं राहील तितकं मेंदूचं, यकृताचं नुकसान वाढत जातं.

म्हणून एकानं 108 ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याला गार करायला लागायचं. गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं सगळ्यांत चांगलं. टाकी नसेल तर ताडपत्री घ्या. चौघा-सहाजणांनी कडा उचलून धरायच्या, मधे त्याला निजवून पाणी आणि बर्फ ओतायचा, हेलकावत राहायचं, तोंड पाण्याबाहेर. अर्ध्या तासाच्या आत ताप 39 अंशांपर्यंत उतरायला हवा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, पॅरासिटामॉल देऊ नका, शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

2018 साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या मैदानावर जॉर्डन मॅकनेअर हा 19 वर्षांचा फुटबॉल खेळाडू सरावात कोसळला. मैदानावर डॉक्टरी मदतनीस होते, तरी त्याला थंड पाण्यात बसवलं गेलं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठानं पुढे जबाबदारी जाहीर स्वीकारली. एवढी साधनं असूनही तो वाचला नाही, याचं मला फार दुःख होतं, कारण वेळेत गार केलेला खेळाडू सहसा वाचतो.

ही वेळच येऊ नये म्हणून सराव उजाडताच उरकत जा. नव्या पोरांचा भार दहा-चौदा दिवसांत हळूहळू वाढव. शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. वजन उतरवायला जर्किन घालून पळणं बंद कर. तापातून किंवा जुलाबातून उठलेल्याला, रात्रभर जागलेल्याला पळवू नकोस. तहान लागेल तसं पाणी पिऊ दे, पण नुसतं पाणी घटाघट पाजत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही घातक.

आणि "सर, जमतंय" म्हणणाऱ्यावर जास्त नजर ठेव. वर्दीसाठी आलेला पोरगा स्वतःहून थांबत नाही, त्याला तूच थांबवायचंस.

येत्या रविवारी ताडपत्री आणून पोरांकडून एकदा हे सगळं करून घे, आणि किती मिनिटं लागली ते मला कळव.

तुझी,
आत्या