झेंड्यातून गळालेलं

चित्रकलेच्या तासाला झेंडा काढायचा म्हटलं की पोटात गोळा यायचा, तो चक्रामुळे. कर्कटकानं वर्तुळ, मग कोनमापक लावून पंधरा-पंधरा अंशांवर खुणा, चोवीस आरे. त्यातले दोन तरी हटकून एकमेकांना चिकटायचे. सर मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "सुटलात तुम्ही. आमच्या वेळी चरखा काढायला लागायचा."

तेव्हापासून डोक्यात एक यादी चालू आहे. झेंड्यावर होतं, आता नाही.

वज्र. भगिनी निवेदितांनी १९०५च्या सुमारास आखलेल्या झेंड्यावर मधोमध. कडेनं एकशे आठ ज्योती, 'वंदे मातरम्' बंगाली लिपीत. दधीचींनी हाडं दिली तेव्हा घडलेलं हत्यार. झेंड्यावर ते टिकलं नाही, पण वायाही गेलं नाही. स्वातंत्र्यानंतर परमवीर चक्राचं पदक आखताना सावित्रीबाई खानोलकरांनी इंद्राचं वज्र त्यावर चार बाजूंना बसवलं. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली, मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडे आलेली बाई. पुराणं तिला इथल्या पुष्कळांपेक्षा जास्त ठाऊक असावीत.

आठ कमळं. ७ ऑगस्ट १९०६ला कलकत्त्यात पारशी बागान चौकात फाळणीविरुद्ध सभा झाली. फाळणी म्हणजे तेव्हाची, बंगालची. तिथे लागलेल्या झेंड्याच्या वरच्या पट्ट्यावर ही कमळं ओळीनं होती. आठ का, तर ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रांत आठ धरले होते. गेली ते बरंच झालं म्हणायचं. राज्यं जोडली, तोडली, नवी केली की दरवेळी कमळं मोजत बसावं लागलं असतं. अमेरिकेनं ताऱ्यांचं हे झेंगट स्वतःच्या मागे लावून घेतलं आहेच.

अक्षरं. त्या झेंड्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' होतं. पुढच्या वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ला, मादाम भिकाजी कामांनी जर्मनीत स्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झेंडा उलगडला, त्यावरही होतं. मुंबईची पारशी बाई, परदेशच्या सभेत, देवनागरी अक्षरांचा झेंडा हातात घेऊन उभी. समोर बसलेल्यांपैकी कितीजणांना ती अक्षरं लागली असतील? वाचता आली नाहीत तरी बघणारे बघत होते, आणि झेंड्याचं काम तेवढ्यानं भागतं. अक्षरांची दुसरी अडचण अशी, की ती आली की कापडाला सुलट आणि उलट बाजू येते. वारा फिरला, झेंडा दुसऱ्या अंगानं दिसला, की 'वंदे' मागून वाचायचं. ही सुलट-उलटची भानगड यादीत पुन्हा येणार आहे.

कामाबाईंचा झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी लपवून हिंदुस्थानात आणला. तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. नारायण पेठेत स्कूटर कुठे लावायची या विवंचनेतून जे सुटतात, त्यांना बघता येतो.

चंद्र आणि सूर्य. कलकत्त्याच्या आणि स्टुटगार्टच्या त्याच झेंड्यांच्या खालच्या पट्ट्यावर. एक मुसलमानांचा, एक हिंदूंचा, असा अर्थ सांगतात. मला मात्र ते बघताना आमच्याकडचे वीरगळ आठवतात. गावाबाहेर कलंडलेला दगड, खालच्या चौकटीत लढाई आणि सगळ्यात वर कोपऱ्यांत चंद्र-सूर्य. ते असेतोवर हे नाव राहो, असं सांगणारे. दानपत्रांवरही तेच दोघं साक्षीला. झेंड्यावरून मात्र तेच लवकर गेले.

सप्तर्षी. १९१७, होमरूल. पाच लाल आणि चार हिरवे आडवे पट्टे, त्यांवर सात तारे आकाशात दिसतात त्याच मांडणीत. ॲनी बेझंट आणि टिळकांच्या चळवळीचा हा झेंडा. चित्र म्हणून पाहिलं तर फार गर्दीचा.

युनियन जॅक. त्याच झेंड्यावर, दांडीकडच्या वरच्या कोपऱ्यात. मागणी साम्राज्यातल्या स्वराज्याची होती, तेव्हा हिशेब बरोबर होता. लोकांच्या मनात काही तो झेंडा बसला नाही. पण तो कोपरा एकदा परत येऊ पाहत होता. १९४७च्या जूनमध्ये माउंटबॅटननी सुचवलं, की नव्या झेंड्याच्या कोपऱ्यात लहानसा युनियन जॅक राहू द्यावा. नेहरूंनी ते मानलं नाही.

रंगांच्या वाटण्या. मच्छलीपट्टणच्या पिंगली व्यंकय्यांनी १९१६ साली झेंड्याच्या तीस नमुन्यांचं पुस्तक काढलं होतं. १९२१मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आताच्या विजयवाड्याला, काँग्रेस समितीची बैठक भरली तेव्हा गांधींनी त्यांच्याकडून एक नमुना मागितला. लाल आणि हिरवा, वर चरखा. चरख्याची कल्पना जालंधरच्या लाला हंसराजांची. व्यंकय्यांनी तीन तासांत काम हातावेगळं केलं, तरी ते बैठकीपुढे ठेवायला उशीर झालाच. गांधींनी 'यंग इंडिया'त लिहिलं, की उशीर झाला हे बरं झालं. त्या उशिरात त्यांच्या लक्षात आलं, की लाल हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा, तर बाकीच्यांचं काय? म्हणून पांढरा आला. तोही सगळ्यात वर, मग हिरवा, तळाला लाल. संख्येनं सगळ्यांत कमी ते वर, सगळ्यांत जास्त ते खाली, बळकटानं दुबळ्याची ढाल व्हावं म्हणून. चरखा तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला.

हा क्रम आता कुणाला आठवत नाही. पांढरा वर असलेला तिरंगा आज कुणी लावला तर उलटा लावला म्हणून तक्रार जाईल.

सिव्हिल लाइन्सची हद्द. ही झेंड्यावरची नव्हे, झेंड्याभोवतीची गोष्ट, पण यादीत हवी. १९२३च्या मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत नागपुरात याच पांढऱ्या-हिरव्या-लाल झेंड्यासाठी सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी होती. मग रोज एक तुकडी झेंडा घेऊन निघायची, हद्दीवर पकडली जायची, दुसऱ्या दिवशी दुसरी निघायची. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. दीड हजारांवर माणसं आत गेली, परप्रांतांतूनही आली. शेवटी मिरवणूक त्या रस्त्यानं गेली. आज तिथून जाताना कुठे थांबायचं असायचं ते कळत नाही.

लाल. १९३१पर्यंत होता.

अख्खा केशरी. हा कधी लागलाच नाही. शिखांनी आपलाही रंग मागितला, मग वाटण्यांचं हे गणित वाढतच जाणार हे काँग्रेसच्या ध्यानात आलं. १९३१ साली सात जणांची समिती नेमली. पटेल, आझाद, नेहरू, मास्टर तारा सिंग, पट्टाभी सीतारामय्या, सेवादलाचे ना. सु. हर्डीकर आणि आपले साताऱ्याचे काका कालेलकर. समितीचं मत पडलं : झेंडा सबंध केशरी, दांडीकडे वरच्या कोपऱ्यात तांबूस चरखा. वाटणीच नको, म्हणजे भांडणही नको. ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीनं ते फेटाळलं आणि केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे, मधल्यावर निळा चरखा, असं ठरवलं. शिवाय रंग धर्मांचे नाहीत, गुणांचे आहेत, हेही ठरवून टाकलं. धैर्य-त्याग, सत्य-शांती, श्रद्धा-शौर्य. दहा वर्षांत रंगांनी जात बदलली. (आमच्या शाळेत निबंधाला गुणच लिहायचे, आणि खेळाच्या मैदानावर पोरं धर्मच सांगायची. ठराव करून असल्या गोष्टी जात नाहीत.)

९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारला पोलिसांच्या गोळीनं पडलेल्या शाळकरी शिरीषकुमारच्या हातात होता तो हाच, चरख्याचा.

चाती. आता मुख्य वस्तू.

चरख्याला एका अंगाला मोठं चाक असतं, दुसऱ्या अंगाला चाती, जिच्यावर सूत गुंडाळलं जातं. मध्ये माळ. कातणारा बसतो तेव्हा चाक उजवीकडे, चाती डावीकडे. जिथे काम होतं ते टोक बारीक, जिथे जोर लागतो ते मोठं. कागदावर काढलं तर छान दिसतं. कापडावर काढलं की एका बाजूनं चाक दांडीकडे आणि दुसऱ्या बाजूनं चाती दांडीकडे.

२२ जुलै १९४७ला घटना समितीत नेहरूंनी झेंड्याचा ठराव मांडला तेव्हा हीच अडचण सांगितली. झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसायला हवा आणि चरखा तसा दिसत नाही. म्हणून चरख्याचं फक्त चाक ठेवायचं, आणि चाक म्हटल्यावर सारनाथच्या अशोकस्तंभावरचं. चोवीस आरे, गडद निळा, व्यास साधारण पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीएवढा. झेंड्याची लांबी-रुंदी तीनास दोन.

कारण शिंप्याला पटेल असं आहे. मोठ्या निर्णयांची खरी कारणं पुष्कळदा शिवणकामाचीच असतात असं मला वाटतं. पण चाती आणि माळ गेली की चाक सूत कातत नाही, ते चक्र होतं. हे ज्याला कळायला हवं त्याला लगेच कळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला गांधी म्हणाले, की झेंड्यावर चरखा नसेल तर मी त्याला वंदन करणार नाही. पुढे चक्रातच चरखा बघा अशी समजूत निघाली.

एक मात्र झालं. चित्रातून गेलेला चरखा कापडात राहिला. झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या खादीचाच असला पाहिजे, हा नियम कायम होता.

सुरगाठ. आमच्या शाळेचे शिपाईमामा चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी झेंडा मांडीवर घेऊन बसायचे. आधी लांबीत दोन घड्या, मग पोटात झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, मग वळकटी, वर दोरीचे फेरे आणि शेवटी सुरगाठ. ओढली की सुटणारी. हे त्यांनी कुणाला शिकवलं नाही. एका वर्षी ते आजारी होते, गाठ दुसऱ्यानं मारली आणि ती निरगाठ निघाली. पाहुणे ओढतायत, बँड वाजतोय, वर वळकटी नुसती हिंदकळतेय. शेवटी नववीतला एक पोरगा खांबावर चढला. गाठ सुटली तेव्हा पाकळ्या सगळ्या त्याच्याच डोक्यावर.

सूर्यास्त. झेंडा दिवेलागणीआधी उतरवायचा. तो उतरवायची पाळी ज्याची, त्याची सुट्टी वाया गेली. मोठ्या मैदानात दोघंच, सावल्या लांब झालेल्या, दोरी चरचरत खाली येतेय आणि कापड जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हात वर. सकाळी भाषणं होती, पेढे होते. संध्याकाळी कुणी नाही. झेंड्याशी माझी जी काही ओळख आहे ती त्या संध्याकाळची. जुलै २०२२पासून घरावरचा झेंडा रात्रीही राहू शकतो. सोय झाली.

मज्जाव. एरवीच्या दिवशी साध्या नागरिकाला झेंडा लावता येत नसे, हेही आता नाही. त्यासाठी उद्योगपती नवीन जिंदल कोर्टात गेले. २००२मध्ये नवी ध्वजसंहिता आली, २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हक्क मान्य केला. ही गेलेली गोष्ट परत नको.

हात. ३० डिसेंबर २०२१ला ध्वजसंहितेत एक दुरुस्ती झाली. यंत्रावर केलेलं कापड चालेल, पॉलिएस्टरही चालेल. सात महिन्यांनी सरकारी मोहिमेत घरोघरी तिरंगा आला, तो बहुतेक याच कापडाचा.

खादीचा झेंडा बनतो कसा? मुख्य कापडाला बंटिंग म्हणतात, दांडीकडच्या जाड पट्टीला डक, ज्यातून दोरी जाते. कापड धारवाडजवळच्या गरगचं, झेंडे हुबळीच्या बेंगेरीचे. आपल्याकडे उदगीरचं कापड आणि नांदेडला शिवण. केशरी, पांढरं, हिरवं वेगवेगळं रंगवायचं, मापात कापायचं, जोडायचं. ठरलेली मापं नऊ, सगळ्यात मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, धाकटं १५० बाय १००, म्हणजे तळहाताएवढं. सगळ्यात नाजूक काम चक्राचं. ते कापडाच्या दोन्ही बाजूंनी छापतात आणि पुढच्या आऱ्यावर मागचा आरा बरोबर बसावा लागतो. सुताएवढा सरकला तर तो झेंडा बाद. नेहरूंनी सभागृहात जे एका वाक्यात सांगितलं होतं, ते तिथे काम करणाऱ्या बायका रोज टेबलावर करून दाखवतात. दुरुस्तीनंतर त्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या.

घरोघरी तिरंग्याच्या त्या ऑगस्टात सिग्नलला घेतलेला एक झेंडा माझ्याकडे आहे. प्लास्टिकच्या काडीवर, कडा शिवलेल्या नाहीत, तापल्या पात्यानं कापलेल्या. चक्र एकाच बाजूनं छापलं आहे. मागून बघितलं तर निळा रंग आरपार आलेला, पण फिका, आणि काही ठिकाणी आलाच नाही. पुढून आरे मोजले, चोवीस भरले. मागून तीनदा मोजले. एकदा एकोणीस आले, एकदा एकवीस.